यंदा फ्रीज धुवायचा नाही

बाई, यंदाच्या खंडेनवमीला तुमचा फ्रीज धुवायचा नाही, हे मी साहेबांना तोंडावर सांगून आलोय. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "अरे मेल्या, एवढं धाडस आलं कुठून तुझ्यात?" कुठून आलं तेच सांगायला बसलोय.

तुम्हाला जाऊन एकोणीस दिवस झाले. मी मोजत नव्हतो. पण तुम्ही आठवड्यातून तीन दिवस यायचात आणि आल्या आल्या लॅबमधल्या कॅलेंडरवरचे मधले दिवस लाल पेनानं फटाफट खोडायचात. आता कोणी खोडत नाही, म्हणून ते कोरे दिवस डोळ्यांत भरतात. कंपनीनं गेटजवळच्या बोर्डावर तुमचा फोटो लावलाय. खाली लिहिलंय, सूक्ष्मजीवशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, आमच्या मार्गदर्शक, वगैरे वगैरे. खरं असेल सगळं. पण सांडपाण्याच्या टाकीच्या कठड्यावर पाय सोडून बसणारी, घावनाचा तुकडा मोडता मोडता "बघ बघ, खाली युद्ध चाललंय" म्हणणारी बाई काही त्या फोटोत नाही.

मला तुमच्यापाशी एक कबुली द्यायचीय. चार वर्षांपूर्वी मी तुमच्याशी खोटं बोललो. साधंसुधं नाही, चांगलं रचून बोललो. रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, उद्या सांगू. तुम्ही पिंपरी-चिंचवडच्या प्राधिकरणातल्या घरी सकाळचा चहा पिता पिता गेलात, आणि माझा तो उद्या माझ्याच घशात अडकून बसला. जेवण जात नाही बाई. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. डॉक्टर काय करणार ह्याला?

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतोय? कंपनीच्या बसमधून उतरलात आणि सरळ मागच्या कोपऱ्यात आमच्याकडं आलात. पेंट शॉपवाले बघतच राहिले, ही साठीची बाई तिकडं चालली कशाला. आख्ख्या कंपनीचं घाण पाणी आमच्याकडं येतं. पेंट शॉपचं, कँटीनचं, संडासचं, सगळं. ते साफ करून सोडायचं हे आमचं काम, पण चाकणला कुठल्याही कंपनीत जा, आम्हाला गटारवालेच म्हणतात. टाकीत खालून ब्लोअरची हवा सोडलेली असते, पाणी सारखं उकळत असतं, रंग टपरीवरच्या चहाचा. तुम्ही नाकाला पदर लावला नाही. वाकून बघितलंत आणि विचारलंत, "काय काय पाळलंयस इथं?"

मी म्हणलं, "पाळायला काय म्हशी हायत का बाई? गटार हाय."

"मग सुट्टीच्या दिवशी गूळ कोणाला घालतोस?"

माझी बोबडीच वळली. रविवारी कँटीन बंद, टाकीतल्या जंतूंना खायला काही येत नाही. ते उपाशी मेले तर सोमवारी पाणी साफ कोण करणार? म्हणून मी गुळाचं पाणी करून ओतायचो, आणि सगळी कंपनी त्यावरनं मला हसायची. बसमध्येच तुमच्या कानावर आलं असणार. तुम्ही हसला नाहीत. उलट विचारलंत, टाकी सुरू केली तेव्हा पहिले जंतू आणले कुठून? मी सांगितलं, शेण कालवलं होतं, आमच्याच घरच्या म्हशीचं. आणि हेही सांगितलं की टाकी जिथं खणलीय तिथं आमची विहीर होती, जमीन कंपनीत गेली तेव्हा बुजवली. तुम्ही पाण्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "म्हणजे तुझंच गणगोत आहे की रे हे." तेव्हापासून मी त्यांना पोरं म्हणायला लागलो. थोड्या दिवसांनी तुम्हीही म्हणायला लागलात.

विषाणूंची ओळख त्या पहिल्याच उन्हाळ्यात झाली. एके सकाळी आलो तर टाकीवर हातभर फेस. मोजपात्रात पाणी घेऊन अर्धा तास ठेवलं तरी गाळ खाली बसेना. पोरं मरत होती. साहेब म्हणाले, बाहेरून नवीन जंतूंची पावडर मागवा. तुम्ही म्हणालात, दहा दिवस थांबा. तुम्ही टाकीचं पाणी इतक्या बारीक गाळणीतून गाळलंत की त्यातून जंतू पलीकडं जाऊच शकत नाही. त्या नितळ पाण्याचा एक थेंब जंतू वाढवलेल्या बशीवर ठेवलात. दुसऱ्या दिवशी बघतो तर थेंब पडला होता तेवढी जागा साफ. दुधावरची साय कोणी बोटानं पुसून घ्यावी तशी.

मी म्हणलं, "पाण्यात विष हाय का?"

"विष पातळ केलं की संपतं. हे पातळ करून दुसऱ्या बशीवर टाकलं तर पुन्हा वाढतंय. म्हणजे हे जिवंत आहे. निदान अर्धं तरी."

मग तुम्ही खडूनं टाकीच्या भिंतीवर त्याचं चित्र काढलंत. वर टोपी, मधे सुई, खाली कोळ्याचे पाय. जंतूंना लागणारा विषाणू. हा जंतूच्या अंगावर बसतो, सुईतून आपला एक धागा आत सोडतो आणि रिकामा खोका बाहेरच राहतो. "तुझ्या भाषेत सांगते," म्हणालात. "कंपनी दुसऱ्याची. हा आत शिरून सगळ्या मशिनींवर आपलं ड्रॉइंग लावतो. कामगार तेच, वीज त्यांची, कच्चा माल त्यांचा, पण पार्ट निघतात फक्त ह्याचे. शेड भरली की शेड फोडून सगळे बाहेर." मी विचारलं, असे असतील तरी किती? तुम्ही बोटाच्या टोकावर टाकीतलं पाणी घेतलंत. "आपल्या पिंपरी-चिंचवडात माणसं नाहीत इतके ह्या थेंबात." मी त्या थेंबाकडं बघत होतो, आणि तिथं नुसतं पाणी दिसत होतं.

आणि बाई, दहाव्या दिवशी टाकी उठली! शेण नाही, पावडर नाही, काहीच घातलं नव्हतं. फेस बसला, गाळ छान खाली जायला लागला. मी विचारलं, "मेली ती पोरं परत आली कुठनं?"

"आली नाहीत. जी चुकली होती ती उरली."

हे मला कळायला आठवडा लागला. तुम्ही डब्याच्या झाकणावर शेंगदाणे मांडून समजावलंत. एका जंतूचे दोन होताना तो आपल्या अंगातला मजकूर उतरवून काढतो. उतरवताना कुठंतरी चुकतं. बहुतेक चुका वाया जातात. पण कोट्यवधींत एखादा असा निघतो की ज्याच्या दाराचं कुलूप चुकीनं बदललेलं असतं, विषाणूची किल्ली त्याला लागतच नाही. बाकीचे सगळे मेले तरी तो राहतो, आणि मग टाकी त्याच्या पोरांनी भरते. मी विचारलं, मुद्दाम बदलतो का कुलूप? "मुद्दाम कुठलं रे! चूक आधीच होऊन गेलेली असते, संकट मागून येतं." मग विषाणूंनी काय करायचं? तेही उतरवताना चुकतात. एखाद्याची चुकलेली किल्ली नेमकी नव्या कुलपाला बसते आणि पुन्हा सुरू. मी म्हणलं, मग जंतूनं दारच बंद करून टाकावं की कायमचं. तुम्ही एक शेंगदाणा तोंडात टाकलात आणि म्हणालात, "त्याच दारातून त्याचं जेवण येतं." वर मला दमही दिलात, की टाकी बिघडली त्याचं सगळं खापर विषाणूंवर फोडू नकोस, त्या आठवड्यात पेंट शॉपनंही काहीतरी सोडलं होतं.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. मी म्हणायचो, ते सगळं ठीक हाय, पण शेवटी जिंकणार कोण? तुम्ही म्हणायचात, कोणीच नाही. मला हे पटायचं नाही. कुस्ती लागली की एकाची पाठ टेकलीच पाहिजे. तुम्ही म्हणायचात, विषाणूनं सगळे जंतू मारले तर तो राहणार कुठं? मी म्हणायचो, मग पळतात कशाला एकमेकांच्या मागं? तुम्ही वैतागून म्हणायचात, "जागच्या जागी राहण्यासाठी!" आणि मी म्हणायचो, ह्याला काय अर्थ हाय. सात वर्षं हे चाललं, आणि हुलगा चांगला की कुळीथ हेही. दोन्ही एकच धान्य आहे हे दोघांनाही माहीत असून.

त्याच वर्षीच्या दसऱ्यापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तुम्ही दोन छोट्या बाटल्या भरायला लागलात. निळ्या झाकणाची, तिच्यात टाकीतल्या जंतूंची एकच जात वेगळी काढलेली. लाल झाकणाची, तिच्यात बारीक गाळणीतून आलेलं पाणी, म्हणजे नुसते विषाणू. दोन्हींत थोडं ग्लिसरीन, आणि दोन्ही बर्फाच्या फ्रीजमध्ये. कशाला विचारलं की म्हणायचात, सांगेन कधीतरी. मला वाटलं, सरकारी तपासणीसाठी जुने नमुने ठेवायची पद्धत असेल.

आता खंडेनवमी. तुम्ही कोकणातल्या, आयुष्य कॉलेजात गेलेलं. मला वाटायचं, आमच्या पट्ट्यातली खंडेनवमी तुम्हाला काय कळणार? दसऱ्याच्या आदल्या दिवशी इथं कुठल्याच शेडमध्ये मशीन चालत नाही. लेथ, प्रेस, फोर्कलिफ्ट, पान्हे, सगळ्यांना आंघोळ, हळदकुंकू, झेंडू, नारळ. ज्याच्यावर पोट चालतं ते आयुध. वर्षातून एकदा ते लख्ख केलं नाही तर रुसतं, असं माझा बाप नांगराच्या फाळाबद्दल सांगायचा. चार वर्षांपूर्वी साहेबांनी जाहीर केलं, सगळ्यात स्वच्छ खात्याला ढाल. बाई, गटारवाल्यांना स्वच्छतेची ढाल! मी इरेला पेटलो. ब्लोअर धुतले, पंप धुतले, टाकीचा कठडा घासला. मग तुमचा फ्रीज उघडला.

बोटभर बर्फ साचलेला. त्यात मळकट बाटल्या, अक्षरं फिसकटलेली. मला वाटलं, ही बाईंची आयुधं. आपल्या पान्ह्यांना आंघोळ आणि ह्यांना नको? फ्रीज बंद केला, बर्फ वितळवला. एकेक बाटली रिकामी केली, उकळत्या पाण्यानं साबण लावून घासली, उन्हात पालथी घातली. तीन वर्षांच्या दर महिन्याच्या दोन, म्हणजे बहात्तर बाटल्या. काय चमकत होत्या उन्हात! मग जागच्या जागी रांगेत लावल्या, दारावर कुंकवानं स्वस्तिक काढलं, वर झेंडूची माळ. ढाल आम्हालाच मिळाली. घरी जाऊन बायकोला म्हणलं, सोमवारी बाई लई खूश होतील.

सोमवारी तुम्ही आलात त्या खूशच होऊन. पिशवीत नव्या बशा, केसांत अबोली. मला खुर्चीवर बसवलंत. "तीन वर्षं तुला सांगितलं नाही, कारण पुरेशा बाटल्या जमल्याशिवाय दिसलं नसतं. आज सांगते. माणसाला गेलेल्याशी भांडता येत नाही, सोपान. इथं येतं. तीन वर्षांपूर्वीचा जंतू बर्फातून उठवायचा आणि आजच्या विषाणूसमोर उभा करायचा. मग आजचा जंतू आणि तीन वर्षांपूर्वीचा विषाणू. कोण कोणाच्या किती पुढं गेलं, ते इथं बशीवर डोळ्यांना दिसेल. म्हणून त्या बाटल्या."

मी ऐकत होतो आणि नजर सारखी फ्रीजवरच्या माळेकडं जात होती. तुम्ही माळ बाजूला केलीत, दार उघडलंत.

"लाइट गेलती बाई," मी म्हणलं. माझ्या तोंडून ते कसं निघालं मला माहीत नाही. "सुट्टीत दोन दिवस. सगळं वितळलं, वास मारायला लागला. म्हणून धुऊन ठेवल्या."

"जनरेटर?"

"तो बी बंद पडलेला."

तुम्ही हातातल्या चकचकीत बाटलीकडं बघितलंत. स्वस्तिकाकडं बघितलंत. माझ्याकडं बघितलं नाहीत. चष्मा काढून पदरानं पुसलात, पुसतच राहिलात. मला वाटलं, आता रडणार किंवा आता मला हाकलणार. तुम्ही विचारलंत, "टाकी चालू आहे ना?"

"व्हय."

"मग आण पाणी."

त्याच दिवशी नवी पहिली बाटली भरलीत, लेबल लिहिलंत, आत ठेवलीत. तीन वर्षं मातीत गेली होती, ती मी घातली होती, आणि तुम्ही त्या दिवशी डब्यातलं घावन रोजच्यासारखं अर्धं मला दिलंत. मला ते गिळवेना.

तुम्ही कठड्यावर बसून बोलायला लागलात. "फ्रीज ही आपली सोय झाली. त्यांना फ्रीज लागत नाही." मग सांगितलंत की सगळे नाहीत, पण काही जंतू असे असतात, हल्ल्यातून वाचले तर त्या विषाणूच्या धाग्याचा एक तुकडा तोडून आपल्या अंगातल्या मजकुरात लावून ठेवतात. ओळीनं. नवा तुकडा पुढं, जुने मागं. ती ओळ पोरांना मिळते, नातवंडांना मिळते. तोच विषाणू पुन्हा आला की त्या तुकड्यावरून ओळखतात आणि त्याचा धागा आतल्या आत कापतात. आणि विषाणू? तोही नेमका तेवढ्या तुकड्यापुरता बदलून येतो, ओळख पटू नये म्हणून.

मी म्हणलं, "म्हंजी ज्यानं जीव घ्यायला बघितलं, त्याचीच खूण अंगात जपायची? आणि पोरांच्याबी अंगात?"

"हो."

बाई, मी टाकीला हात जोडले. ठरवून नाही, जोडले गेले. ज्याला डोळा नाही, डोकं नाही, त्याला आठवण आहे! आमच्या म्हशीच्या शेणातल्या, गटारात वाढलेल्या त्या जीवाला आपल्या आजाचा शत्रू आठवतो, आणि मला माझ्या पणज्याचं नाव सांगता येत नाही. मला वाटलं, तुम्ही हसाल. तुम्ही म्हणालात, "मीही जोडते. मनातल्या मनात. तीस वर्षं कॉलेजात उघड जोडता आले नाहीत." तेव्हा मी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं.

मागच्या थंडीत पुन्हा पुरेशा बाटल्या जमल्या आणि आपण तो खेळ केला. दहावी नापास माणसाला तुम्ही हातमोजे घालायला लावलेत. मधल्या काळातल्या विषाणूंची एक लाल बाटली. समोर तीन बशा, एकीत सगळ्यात जुने जंतू, दुसरीत त्या विषाणूंच्याच महिन्यातले, तिसरीत आताचे. सगळ्यात जुनी बाटली काढायला मी हात घातला तर तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. "ती मी काढते." नेहमीच असं करायचात तुम्ही, मला कधी त्याचं काही वाटलं नाही.

थेंब मात्र मी ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दोघं एकदम लॅबच्या दारात. जुन्या जंतूंच्या बशीवर थेंबाथेंबाला लख्ख भोकं, विषाणूंनी सगळे खाल्लेले. त्यांच्याच महिन्यातल्या बशीवर अर्धवट, धुरकट. आणि आताच्या जंतूंच्या बशीवर काही नाही. साय जशीच्या तशी. त्या विषाणूंना ही पोरं हातच लावू देत नव्हती. मी नाचायलाच लागलो, "जिंकली! माझी पोरं जिंकली!" तुम्ही शांतपणे चौथी बशी पुढं सरकवलीत. आताचे जंतू आणि आताचेच विषाणू. तिच्यावर पुन्हा भोकं होती.

दोघंही पुढं आले होते, बाई. एकमेकांच्या मागं धावत, ब्लोअरच्या आवाजात, आमच्या बुजलेल्या विहिरीच्या जागी, कोणाला पत्ता नसताना. मी रोज त्यांच्यावरनं झाडू मारत होतो. आपण दोघं चौथ्या बशीवर वाकून होतो, शिफ्टचा भोंगा झाला तेव्हा भानावर आलो. "नेहमी इतकं स्वच्छ येत नाही हं," तुम्ही म्हणालात. "आज आपल्यावर मेहरबानी झाली." तुमचे डोळे भरले होते. आणि मी मूर्ख, तेव्हाही बोललो नाही. त्या सुखात मीठ कालवायचं जिवावर आलं.

परवा साहेबांनी बोलावलं. "सोपान, खंडेनवमी आली. बाईंचं जुनं सामान काढून टाक, फ्रीज रिकामा कर आणि धुऊन घे. ऑडिटलाही बरं पडेल." खात्यातली सगळी माणसं तिथंच उभी होती. मी म्हणलं, "न्हाई धुणार साहेब." ते बघायलाच लागले. मग मी सगळं सांगितलं. ढाल कशी मिळवली, बाटल्या कशा घासल्या, लाइट गेलीच नव्हती, जनरेटरला काही झालं नव्हतं, मी तुमच्यासारख्या बाईच्या तोंडावर खोटं बोललो, सगळं. ज्या माणसाला सांगायचं होतं ते सोडून आख्ख्या खात्याला सांगितलं. साहेबांनी खुर्ची पुढं सरकवली. मग म्हणाले, "त्यात काय काय आहे ते लिहून दे. यादी असली तर कोणी हात लावणार नाही. त्यांच्या कॉलेजलाही विचारू."

म्हणून आज यादी करायला बसलो. तुमच्यासारखे हातमोजे घातले. शेवटच्या महिन्यापासून मागं मागं जायचं ठरवलं. एकेक बाटली काढायची, बर्फ पुसायचा, लेबल वाचायचं, लिहायचं, लगेच आत. मला वाटलं होतं, लेबलवर नुसती तारीख असेल. तुम्ही तारखेखाली बारीक अक्षरात एकेक ओळ लिहून ठेवलीत, हे मला आज कळलं. "पेंट शॉपचं पाणी जास्त." "फेस, पण गाळ उत्तम." "सोपानची मुलगी बारावी पास, पेढे." "गुडघा दुखतो, पायऱ्या नकोत." "आज हुलग्याचं माडगं. मान्य करणार नाही, पण छान." मी एकटाच हसत होतो आणि नाक पुसत होतो.

अशी चार वर्षं उलटी वाचत गेलो. शेवटी पहिली बाटली राहिली. जी तुम्ही मला कधी काढू दिली नाहीत, ती. बर्फ जाड होता, अंगठ्यानं घासून काढला. तुमचंच अक्षर, जरा थरथरलेलं. दसऱ्यानंतरच्या त्या सोमवारची तारीख आणि खाली ओळ:

"सोपानने माझी आयुधं धुतली. इथून सुरू."

मी खालीच बसलो, बाई. फरशीवर.

तुम्हाला माहीत होतं. त्याच दिवशी, त्याच क्षणी, मी जनरेटरचं सांगत असतानाच माहीत होतं. आयुधं लिहिलंत! म्हणजे खंडेनवमीही कळत होती आणि मी कुठल्या मायेनं त्या घासल्या असतील तेही कळलं होतं. तीस वर्षं पोरांची खोटी कारणं ऐकलेली बाई, माझं काय पचणार होतं? आणि तरी चार वर्षं माझ्यासोबत घावन खाल्लंत. मला हातमोजे दिलेत. मी सांगेन म्हणून वाट बघत होतात, का त्या ओळीतच सगळं मिटवून टाकलं होतंत? एकदा विचारायचं होतंत की हो! चार वर्षं मी झुरलो, आणि तुम्ही तिकडं माझा गुन्हा लिहून, बर्फात घालून, पुढं चालायला लागला होतात. राग येतोय मला तुमचा. इतका राग, की तुम्ही समोर असता तर पाय धरले असते.

तुम्हीच म्हणाला होतात, माणसाला गेलेल्याशी भांडता येत नाही. बघा, मी भांडतोय.

आज महिन्याचा पहिला सोमवार. यादी पुरी केली, पहिल्या ओळीत तुमचं ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं, साहेब वाचतील तर वाचोत. मग टाकीवर गेलो. रविवारचा गूळ पोरांना पोचला होता, गाळ छान बसत होता. बाटल्या आणल्या, तुम्ही शिकवलंत तसं केलं, ग्लिसरीन घातलं. निळं झाकण, लाल झाकण. तुमचं लाल पेन कॅलेंडरपाशीच लटकत होतं. आधी एकोणीस दिवस खोडले. मग लेबलवर तारीख टाकली आणि खाली माझ्या गिचमिड अक्षरात लिहिलं:

"बाई गेल्यानंतरची पहिली. लाइट गेली नव्हती. टाकी चालू आहे."